अंतरपाटाचा अर्धा फोटो

प्रिय दादा,

तुला जाऊन तीन वर्षं झाली आणि आज मी लिहायला बसले ती भांडायला. सकाळी नातू माझ्या लग्नातला तो फोटो घेऊन आला. म्हणाला, आजी, या काळ्या भागात कॉम्प्युटरवर आजोबांना आणून उभं करतो. मी फोटो त्याच्या हातातून काढूनच घेतला! का, ते त्याला नाही सांगितलं. तुला सांगते.

तुझा तो कॅमेरा आठवतो का रे? अंबरनाथच्या कारखान्यातल्या गोऱ्या साहेबाने मायदेशी जाताना तुला दिलेला. माझं लग्न बदलापूरला आपल्याच अंगणात, गोरज मुहूर्तावर ठरलं आणि तुझ्या डोक्यात भूत शिरलं. अंतरपाट दूर होतो नेमक्या त्या क्षणाचा फोटो हवा! आता तिन्हीसांजेला उजेड कुठला? म्हणजे फ्लॅश आला.

मग काय, तीन रविवार उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये. इकडे पत्रिका वाटायच्या राहिल्या, आई करवादली. साड्या घ्यायला म्हणून मला नेलंस आणि साडीच्या दुकानाची पायरीसुद्धा चढू दिली नाहीस. एका फ्लॅशची पिन तुझ्या कॅमेऱ्यात शिरेना. दुसरा कॅमेऱ्यावर बसला, पण डुगडुगायला लागला. तिसरा जमला. दुकानदार सिंधी, फार सज्जन माणूस. त्याने तुला दोनदा बजावलं, "साईं, इस बल्ब के साथ शटर पच्चीस से ऊपर मत ले जाना. आधा फोटो काला आएगा."

तू नुसती मान डोलावलीस. ऐकतोस कसला!

घरी तालीम सुरू झाली. एका बाजूला मी, नवरदेवाच्या जागी उभा केलेला लोड, मधे आईचं जुनं लुगडं. तू एक डोळा मिटून, दोन-दोन दिसणारी मी एक होईपर्यंत रिंग फिरवत बसायचास. बल्ब एकदा पेटला की गेला, म्हणून सगळी तालीम बिनबल्बाची आणि बिनफिल्मची. पंचविसाच्या संथ शटरवर कापड हललेलं येईल असं तूच ठरवलंस आणि शटर नेलंस दोनशेवर. शेवटी त्या दुकानदाराला काय कळतं, नाही का?

बाबा नव्हते, म्हणून कन्यादान काका-काकूंनी केलं. तू मात्र मांडवात स्टुलावर चढून बसलास. मंगलाष्टकं संपली, भटजींनी अंतरपाट ओढला आणि लख्खकन उजेड पडला. भटजी असे दचकले, की अंतरपाट त्यांच्याच गळ्यात गुंडाळला गेला. किती हसले होते सगळे!

फोटो धुऊन आला तर मी झगझगीत आणि शेजारी कोळसा. नवराच नाही! तू चोरासारखा माझ्या सासरी आलास. फोटो बघून हे पोट धरून हसले. म्हणाले, "मेहुणे, या लग्नाला मी नव्हतोच, पुरावा दिलात." पुढे आल्या-गेल्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं. तूही हसायचास, पण दर भाऊबीजेला ओवाळून घेताना हळूच म्हणायचास, "कुसुम, चुकलो गं." मी म्हणायचे, असू दे.

असू दे काय? तेव्हाच खरं सांगायला हवं होतं मी तुला.

दादा, फोटोत मी कुठे बघतेय ते नीट पाहिलंस का कधी? अंतरपाट सरला की पहिली नजर नवऱ्याकडे जायची. मी मान वळवून बघतेय स्टुलाकडे. तुझा फोटो नीट येतोय ना, तेवढीच काळजी होती मला. ह्यांची बाजू उजळली असती, तर बायको नवऱ्याकडे बघतच नाहीये हे साऱ्या गावाला कळलं असतं.

तेव्हा वचन देते, मी आहे तोवर त्या काळ्या भागात कुणालाही उभं करू देणार नाही. ह्यांनाही नाही. तो फोटो आपल्या दोघांचा आहे, आणि तू अजिबात चुकला नव्हतास.

अजून स्टुलाकडेच बघणारी,
तुझी कुसुम