ब्राइसच्या रॅकना पाय नव्हते

प्रिय मार्ली,

हे पत्र तुझ्या व्हर्ना आत्याच्या हाती देतोय. ती आधी स्वतः वाचणार, हे मला ठाऊक आहे. आत्या, वाचून झालं की नीट चिकटवा आणि अंधार पडायच्या आत मार्लीला द्या, एवढंच.

यंदा चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या आतषबाजीला, तुमच्या तळ्याकाठी गोळे उडवायच्या नळ्यांचे माझे रॅक नाहीत, हे तुझ्या वडिलांनी मला पेट्रोल पंपावर सांगितलं. तेही गाडीची काच अर्धीच खाली करून. "कोल्ट, ब्राइसने विकतचे आणलेत. ॲल्युमिनियमचे. तू जरा गाड्या लावायचं बघ." गाड्या लावायचं. दरवर्षी ज्याने तुमच्या आतषबाजीसाठी फळ्या कापल्या, नळ्या बसवल्या, त्याने यंदा कुरणात उभं राहून 'काका, जरा डावीकडे घ्या' म्हणायचं. मी "बरं" म्हणालो आणि टाकी भरायच्या आधीच निघून आलो. चर्चपाशी गाडी बंद पडली.

कॉलेज अर्ध्यावर टाकून आलो, तेव्हा गावातला जो भेटेल तो 'आता पुढे काय' विचारायचा. तू मात्र आमच्या शेडमध्ये येऊन फळीवर बसलीस आणि विचारलंस, नळ्यांमध्ये एवढी जागा का सोडतोस. मी सांगितलं, आतषबाजीचा एखादा गोळा वर न जाता नळीतच फुटला, तर शेजारची नळी वाचली पाहिजे. तू म्हणालीस, "माणसांशीही तू असाच वागतोस, कोल्ट. हातभर लांब." मग तू नळ्या धरल्यास आणि मी स्क्रू मारले. तुझ्या केसांत भुसा अडकला होता. तो काढावासा वाटला, पण हात पुढे गेला नाही. त्या वर्षी आपल्या रॅकमधून सगळे गोळे सरळ वर गेले. तुमच्याकडे ज्याचे रॅक त्याच्याच हाती वाती पेटवायची कांडी देतात, आणि शेवटी धुरावर भाजलेल्या मांसाची, ब्रिस्केटची, पहिली ताटलीही त्यालाच. तुझ्या वडिलांनी ती माझ्या हातात दिली, तेव्हा मला वाटलं होतं, आता मी या घरचाच झालो. कसलं काय.

आणि आता हा ब्राइस. बँकेत नोकरी, पिकअपला चिखलाचा एक डाग नाही. आणि ते दात. एवढे सरळ दात मी फक्त दुकानातल्या नव्या करवतीला पाहिलेत. तू त्याच्या विनोदांवर हसतेस, तेव्हा मला तोंड फिरवून मक्याच्या शेताकडे बघावं लागतं. आयुष्यात त्याने कधी फळी कापली नसेल. माणूस रॅक विकत कसा आणू शकतो, हे मला कळतच नाही. ते घरी बनवायचे असतात. समोर बसून कोण पाहतंय याची ज्याला फिकीर असते, तो बनवतो.

म्हणून आज दुपारी तुम्ही सगळे कणसं सोलत होतात, तेव्हा मी गाड्या सोडून तळ्याकाठी गेलो. खोट काढायलाच गेलो होतो, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. आणि खोट सापडली. त्याच्या रॅकना पाय नव्हते. रॅक उंच आणि अरुंद असतो, म्हणून त्याला खालून आडव्या पट्ट्या लावतात, तेच त्याचे पाय. त्या बाहेर आल्या की पिकअपचं झाकण बसत नाही, म्हणून या शहाण्याने त्या काढून घरी ठेवल्या आणि सगळे रॅक ओल्या मातीवर उभे करून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधले. एक गोळा नळीत फुटला असता, तर अख्खी रांग आडवी झाली असती आणि उरलेले गोळे समोरच्या हिरवळीवर सुटले असते.

मला आनंद झाला, मार्ली. घे, लिहून टाकलं. मनात म्हटलं, होऊ दे, सगळ्या गावासमोर होऊ दे. मग वळून पाहिलं, तर हिरवळीवर पहिल्याच ओळीत तुझी पिवळी खुर्ची, आणि शेजारी तुझ्या बहिणीच्या पोरांची चटई.

मी तणतणत वर आलो. व्हर्ना आत्या लगेच म्हणाली, "आला बघा आमचा निखारा, कुणीतरी पाणी आणा." तुझे वडील म्हणाले, "काय रे, दुसऱ्याचा रॅक पाहिला की तुझ्या पोटात दुखतं का?" सगळे हसले. तूही हसलीस, ओठ दाबून, पण मी पाहिलं. मी ओरडूनच सांगितलं, पाय नाहीत त्याला, पाय. ब्राइस हसला नाही. ताटली ठेवून तो माझ्याबरोबर खाली आला, एका बोटाने रॅक ढकलून पाहिला आणि चेहरा पडला त्याचा. म्हणाला, "तुझ्या जुन्या रॅकचे पाय याला बसतील?"

बसले. शेडमधून आणून मीच माझे रॅक मोडले आणि त्याच्या रॅकना पाय दिले. तो फळ्या धरत होता. अनाडी आहे, पण सांगितलेलं ऐकतो. म्हणाला, आज सुरुवातीलाच सगळ्यांसमोर तुझं नाव घेईन. मी म्हटलं, घेतलंस तर तळ्यात फेकीन. त्यावरही तो हसला, आणि वाईट म्हणजे मलाही हसू आलं. मी त्याचा इतका छान द्वेष करत होतो, तेवढंही या माणसाने धड करू दिलं नाही.

शेवटचा स्क्रू पिळत असताना तो हळूच म्हणाला, "शेवटची रांग तू पेटवशील? मला तेव्हा मार्लीजवळ असायचंय." आणि शर्टाचा खिसा चाचपला. त्या खिशात काय आहे हे कळायला कॉलेज पुरं करावं लागत नाही. मी हो म्हणालो. स्क्रूचं डोकं माझ्या हाताखाली झिजून गेलं. त्याने माझ्यावर भरवसा टाकला आणि मी त्याचं गुपित फोडतोय, हे मला कळतं. पण तो विचारायच्या आधी मीही विचारलं होतं, एवढं तुला माहीत असायला हवं. मार्ली, माझ्याशी लग्न करशील? माझ्याकडे अंगठी नाही आणि गुडघा टेकायला मी तिथे नसेन, तळ्यापलीकडे अंधारात कांडी घेऊन बसलेला असेन. तिथून तुझं उत्तर ऐकू येणार नाही. तू त्याला काहीही म्हण, वात मी नीटच पेटवीन.

निदान शेवटच्या रांगेपर्यंत तुझाच,
कोल्ट