टेकचंदचा आवाज

१० जाने. १९५४, अंबरनाथ
फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये पूजेचा कार्यक्रम. मी बांधलेली तीन पदं म्हटली. पहिल्याला लोक गप्पा मारत होते, दुसऱ्याला चहा आला, तिसरं मीच आवरतं घेतलं. मग पापडवाल्या टेकचंदची नक्कल. बायका लगेच ओट्यावर. "आज खा लो साईं, कल टेकचंद आए ना आए!" हशा, वन्स मोअर, सगळं नेहमीचं. चार वर्षं पेटी घेऊन गावोगाव हिंडतोय. नवी पदं काय, चाली काय. आणि लोकांना हवी निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी फेरीवाल्याची आरोळी. तबलजी नाना म्हणतो, "पोटाला मिळतंय ना? मग तोंड कशाला वाकडं?" तोंड सरळ करून झोपलो.

१७ जाने.
कार्यक्रमांचा कंत्राटदार घरी. मार्चपासून दौरा. नाशिक, नगर, जळगाव. दीड महिना! पद एकच, "तेपण छोटं". शेवटी पापडवाला हवाच. आधी कुळगावचा कार्यक्रम बघणार, मग पक्कं. इंदू दाराआडून ऐकत होती. तो गेल्यावर तिने देवापुढे साखर ठेवली. आता बायकोला नको कसं म्हणायचं?

२४ जाने., कॅम्प नं. ४
टेकचंद दिवाळीतच वारला. मला पत्ता नाही. त्याच्याच वस्तीत, त्याच्याच माणसांपुढे उभा राहून आरोळी ठोकली. आधी हसले, मग एकेक गप्प. पुढे बसलेली म्हातारी ओढणी तोंडाशी धरून रडत होती. शेजारच्याने सांगितलं, त्याची बायको. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली उतरून हात जोडले. म्हणाली, "माफी काहे की? फिर से बोलो, बेटा."
बोललो. दुसरं काय करणार.

७ फेब्रु., अं.नाथ पश्चिम
अम्मा हजर. (सगळे तिला अम्माच म्हणतात.) पुन्हा पुढे, पुन्हा रडणं. लोक मला सोडून तिच्याकडे बघतात. हशा शून्य. मागून एक जण, "म्हातारीला रडवतो आणि म्हणे विनोदी कार्यक्रम." नाना भडकला. "तिला घरी बसायला सांग, नायतर मी सांगतो." सांगायला गेलो तर तिने पापडाचं पुडकं हातात ठेवलं. बोलणं राहिलं. पापड इंदूला आवडले, हे आणखी.

१४ फेब्रु.
तिच्या बराकीत गेलो. मध्ये गोणपाटाचा पडदा, पलीकडे दुसरं कुटुंब. ती लाटत बसलेली. म्हटलं, अम्मा, तुम्ही आलात की कुणी हसत नाही. कुळगावला फसलो तर माझा दौरा जाईल. "आऊँगी तो चुप बैठूँगी," म्हणाली. मग लाटणं थांबवून सांगायला लागली. तो फेरीहून आला की आधी विचारायचा, "मानी खाधी अथेई?" जेवलीस का, एवढंच. तेवढं त्याच्या आवाजात एकदा बोल.
बोललो. "नहीं, ऐसे नहीं." पुन्हा. "नहीं." चार वेळा.
मी त्या माणसाला रस्त्यावर ओरडतानाच ऐकलंय. घरात तो कसा बोलायचा, मला काय माहीत? नकलाकार म्हणून मिरवतो, आणि तीन शब्द जमले नाहीत. लाज वाटली. चहा न घेता निघालो.

२१ फेब्रु., कुळगाव
हळदीचा मांडव, भर दुपार. कंत्राटदार खाटेवर, शेजारी यजमान. अम्मा बदलापूर स्टेशनावर एकटी उतरून चालत आलेली. शब्द पाळायचा म्हणून ओढणीचा बोळा तोंडात कोंबून बसली होती. ते बघितलं आणि आरोळी सोडून पेटी पुढे ओढली. पद धरलं, गाव सुटलेल्या माणसांचं. माझं सगळ्यात चांगलं. यजमान मोठ्याने, "आरं तो पापडवाला कर ना! लगीन हाय, मयत नाय." नाही केला. मुद्दाम नाही, होईनाच. दोन कडवी झाल्यावर वाजंत्रीवाल्यांनी सुरू केलं.
कंत्राटदार जेवून गेला. जाताना नानाला म्हणाला, दौऱ्याला दुसरा माणूस बघतो.

२५ फेब्रु.
नाना कल्याणच्या एका गाण्याच्या पार्टीत गेला. आधी शिव्या दिल्या, मग रडला, मग डग्गा काखेत मारून चालता झाला. इंदू बोलत नाही. भांडली असती तर बरं. तिच्या भावाने फॅक्टरीत माझ्या नोकरीसाठी शब्द टाकलाय. हो म्हणून निरोप धाडला. पदांची वही ट्रंकेत, तळाला. आता काही व्हायचं नाही. गाण्याचं नाही, नकलांचंही नाही. एकदा लिहून टाकलं म्हणजे रोज रोज मनात घोळायचं नाही.

२८ फेब्रु.
सकाळी अम्मा दारात. विचारत विचारत आली. अगला प्रोग्राम कुठे? म्हटलं, नाही. तिला वाटलं मी चुकवतोय. "उस दिन मैंने आवाज़ नहीं की थी," म्हणाली, शपथ घेतल्यासारखी गळ्याला हात लावून. म्हटलं, तुमचा दोष नाही, अम्मा. मी सोडलं ते. कुठेच कार्यक्रम नाही.
उंबऱ्यावर बसली. इंदूने पाणी दिलं, ते हातातच राहिलं.
"घर में उसका फोटो भी नहीं है," म्हणाली. "अब उसको सुनने मैं कहाँ जाऊँ?"
इंदू माझ्याकडे बघायला लागली. चार दिवसांत पहिल्यांदा. अम्मा अजून बसलेली आहे. मी आत येऊन हे लिहितोय. उद्या सातला फॅक्टरीच्या फाटकावर हजर व्हायचं आहे.