पुलाआधी सांगायचं असतं

७ जानेवारी, रविवार

ठरलं. जायचं!

पिकुलला सांगितलं तर तिचा घास हातातच राहिला. "आई, तू? फिरायला?" लेक चाळिशीला आली तरी डोळे तसेच मोठे करते, लहानपणी करायची तसे.

एक रात्र चियांग मायला, शहरात. मग दोन रात्री माए-थाच्या खोऱ्यात, माझ्या मैत्रिणीच्या, बुआखमच्या गावी. मग घर. बस्स. जाताना आगगाडी, येताना मागे बाकं टाकलेल्या भाड्याच्या गाड्या मिळतील तशा बदलत.

तिला वाटतंय आई सावरली. वाटू दे. किती दिवसांनी हसली पोरगी.

८ जानेवारी, सोमवार

खरं कारण इथं लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

चौदा महिने झाले. ह्यांना चियांग मायच्या इस्पितळातून आणलं ते गाडीत मागे निजवून, पांढऱ्या चादरीखाली. गेलेल्या माणसाला घरी आणताना प्रत्येक पुलाआधी, प्रत्येक वळणाआधी सांगायचं असतं – पूल आला हं, चला बरोबर. आमच्या लांपांगमधलं शेंबडं पोरही हे जाणतं. नाही सांगितलं तर जीव पाण्याशी अडतो. अलीकडेच राहतो.

पिकुल देवळात अंत्यविधीच्या तयारीला पुढे गेलेली. सांगायचं काम माझं. हातात उदबत्ती होती. आणि मी झोपले!

तीन रात्री खुर्चीत बसून काढल्या होत्या, पण ही काही सबब नाही. शहराबाहेरचा पेट्रोलपंप आठवतो, आणि त्यानंतर एकदम आमचं फाटक. मधले सगळे पूल झोपेत गेले. ह्यांना कोणी सांगितलं नाही.

तेव्हापासून एकदाही स्वप्नात आलेले नाहीत. शेजारणींचे सगळ्यांचे नवरे येतात. एकीचा तर चपला मागायला आला.

म्हणून जायचं. इस्पितळाच्या दाराशी उभं राहून हाक मारायची, आणि पुलापुलाला सांगत घेऊन यायचं. सावकाश. न्हावीकाम करायचे तेव्हा एका डोक्याला तासभर लावणारा माणूस! घाईनं आणलं तर पुन्हा मागे राहायचे.

१० जानेवारी, बुधवार

पिकुलनं यादी केली. मोबाइलवर. सात देवळं, दोन बाजार, एक धबधबा, आणि कॉफीचं एक दुकान जिथे म्हणे मांजरं मांडीवर येऊन बसतात.

"मांजर आपल्याकडे आहे की."

"आई, तिथली वेगळी असतात."

"शेपटी दोन असतात का?"

चिडली. मग स्वतःच हसायला लागली. शेवटी एक देऊळ, एक बाजार यावर तडजोड झाली. "आणि येताना मिनीबसनं ये, दोन तासांत घरी," म्हणाली. मी नको म्हटलं. मला पुलांपाशी उतरायचंय.

"पुलावर बघण्यासारखं काय आहे?"

"पाणी," मी म्हटलं.

तिनं पुढे विचारलं नाही. किती शहाणी आहे! मी तिला काही दिलं नसेल, पण देवानं मला ती दिली.

१२ जानेवारी, शुक्रवार

देवळाच्या वाचनालयातून नकाशा आणला. भिंग लावून वाचला. वांग नदी सापडली, कुआंग सापडली, माए-था सापडली. मोठे पूल तेवढे दाखवलेत. ओढे-नाल्यांवरचे लहान पूल नाहीतच. पण जीव अडायला लहान पूलही पुरतो.

मला नकाशा वाचता येतो! पस्तिशीपर्यंत अक्षर ओळखत नव्हते. ह्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी फाटकी मासिकं पडलेली असायची, केर काढता काढता ती बघत बघत शिकले. ह्यांनी शिकवलं असं नाही. फक्त रोज जेवताना विचारायचे, "आज कुठवर पोचलीस?" तेवढ्यानंच पुढे जात गेले.

१५ जानेवारी, सोमवार

बुआखमचा फोन. आम्ही दोघी एकाच गल्लीत वाढलो. ती लग्न होऊन खोऱ्यात गेली ती तिथलीच झाली. फोनवर अजून ओरडूनच बोलते.

"केओ, दोन रात्री कसल्या गं? आठ दिवस राहा! लसूण काढायला माणसं मिळत नाहीत!"

"मी पाहुणी आहे की मजूर?"

"आधी पाहुणी. दुपारनंतर मजूर."

खोलीत जाड रजई ठेवते म्हणाली, तिकडे पहाटे हात बधिर होतात. मग आवाज एकदम खाली आणून, "अंगणात खुर्च्या दोन मांडते, एक तुला, एक त्यांना," म्हणाली. मी काही सांगितलं नव्हतं तिला. नुसतं हं म्हटलं.

१६ जानेवारी, मंगळवार

कुणाचं मी काय भलं केलं म्हणून ही माणसं मला मिळाली?

१९ जानेवारी, शुक्रवार

लहान पूल किती, आणि त्या दिवशी गाडी कुठल्या रस्त्यानं आली, हे एकालाच ठाऊक – सिंगखम. देवळाची ती गाडी तोच चालवतो. त्याला विचारायला हवं. पण त्यालाच ठाऊक आहे की मी झोपले होते! चौदा महिने बाजारात तो दिसला की मी गल्ली बदलते.

आज गेले होते. त्याच्या कुंपणापर्यंत. कुत्रं भुंकलं, परत आले.

२१ जानेवारी, रविवार

गेले. केळीच्या पानातला गोड भात करून नेला, रिकाम्या हाताने धीर झाला नसता. सिंगखम गाडी धूत होता. पाण्याची नळी खाली टाकून दोन्ही हात जोडले त्यानं.

"केओमावशी! मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलात. बाजारात ओळखच देत नाही."

मी एका दमात विचारून टाकलं – रस्ता कुठला होता, पूल किती.

"जुना रस्ता. लहान-मोठे धरून सतरा."

"सतरा!" मी म्हटलं, "सतरापैकी एकाही पुलाआधी मी बोलले नाही रे सिंगखम."

"तुम्ही कशा बोलणार? तुम्ही घोरत होता."

"मग ह्यांना..."

"मी सांगितलं ना!" जरा रागावलाच तो. "मावशी, बारा वर्षं ही गाडी चालवतोय. घरचं माणूस रडत असतं, बेशुद्ध पडतं, कधी कधी बरोबर कोणी नसतंच. म्हणून मी आपलं सगळ्यांनाच सांगतो. आणि इंताकाका तर माझे. पहिले केस त्यांनी कापले माझे. डावा कान अधू ना त्यांचा? म्हणून मोठ्यांदा ओरडत होतो – काका, पूल आला, चला! काका, मावशीला झोपू द्या, तुम्ही चला! माए-थाच्या पुलावर ट्रकचा भोंगा मध्ये आला. पुढे जाऊन गाडी मागे घेतली आणि परत सांगितलं. मागचे लोक शिव्या देत होते."

मला रडू आवरेना. तो बावरला. गोड भाताचं पान सोडून मलाच भरवायला लागला, "खा मावशी, खा," – माझाच भात!

म्हणजे चौदा महिने हे घरीच आहेत. मी वाट बघत फाटकाकडे, आणि हे माझ्या मागे.

२२ जानेवारी, सोमवार

पिकुलला सगळं सांगितलं. आधी रडली, मग घोरण्यावर हसली. मी म्हटलं, "आता कशाला जायचं? काम तर उरलं नाही."

"आई," ती म्हणाली, "काम नसताना जातात, त्यालाच फिरायला जाणं म्हणतात."

मी असं कधी गेलेच नाही. कसं जातात?

२५ जानेवारी, गुरुवार

पिशवी भरली. स्टेशनवर सोडायला पिकुल दारात उभी आहे. ह्यांच्या फोटोपुढे ताजं पाणी ठेवलं आणि म्हटलं, तुम्ही घरीच थांबा हं. मी रविवारी येते.