चंदनाची गाठ

३ नोव्हेंबर, जव्हार
आले एकदाची! नाशिकहून येताना घाटात मळमळलं, पण खोलीची खिडकी उघडली आणि गार वाऱ्याने सगळं विसरायला लावलं. रुग्णालय लहान, प्रयोगशाळा मात्र नवीकोरी. शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, यंत्राचं चाक फिरवून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, त्यांवर प्रतिपिंडाचे थेंब सोडायचे. प्रतिपिंड नेमकं चेतापेशींनाच जाऊन चिकटतं. मग रंग घातला की त्या तपकिरी दिसतात. मला हे काम मनापासून आवडतं. इथले डॉक्टर, तुषार सर, यांनी स्वतः चहा करून दिला.

६ नोव्हेंबर
पोशेरा गावच्या चंदना नावाच्या बाईच्या तळपायातून गेल्या महिन्यात काढलेली गाठ आज रंगवली. गेल्या वर्षी भात कापताना काहीतरी टोचलं आणि गाठ वाढत गेली, असं तिचा नवरा लक्ष्या सांगत होता. तळपायात मज्जातंतूंची टोकं सापडतात, अख्ख्या चेतापेशी नाहीत. इथे भिंगाखाली त्यांची दाटी, मेंदूत असावी तशी. सर बराच वेळ बघत राहिले. आणखी काप काढ म्हणाले.

७ नोव्हेंबर
दुपारी काप काढले. थोड्या वेळाने लक्ष्याचा फोन. चंदना खळ्यावर बसल्या बसल्या पाय धरून किंचाळली म्हणे, कोणी सोलून काढावं तशी. कालही अशीच कळ आली होती. जखम तर भरली आहे. कधी किंचाळली ते विचारलं.
मी चाक फिरवत होते तेव्हाच.

८ नोव्हेंबर
योगायोग असेल म्हणून आज फोन चालू ठेवून एकदाच चाक फिरवलं.
“वरडली! ताय, परत वरडली!”
खात्री करायला पुन्हा फिरवलं. का फिरवलं मी?
सर हसले. मेणातलं मेलेलं मांस, म्हणाले.

१० नोव्हेंबर
लक्ष्या आला. गाठ परत द्या, आम्ही पुरतो, म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. मग ठोकळा आणायला आत गेले.
ठोकळा जागेवर नाही. दुसरं मत हवं म्हणून सरांनी मुंबईला पाठवलाय. तिथलं यंत्र आपोआप कापतं. फोन केला. गाठ दुर्मिळ आहे, ठोकळा संपेपर्यंत काप काढणार, म्हणाले. थांबा म्हटलं, तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी. सर देत नाहीत.

११ नोव्हेंबर, पोशेरा
चंदनाच्या उशाशी बसलेय. मुंबईला कोणी फोन उचलत नाही. तिने हळूच विचारलं, “कापाया लागलं का?”
नाही म्हटलं.

सुरू झालं—
लक्ष्याने पाय छातीशी धरलाय— किंचाळणं थांबतच नाही— चाकासारखं, एका लयीत—

परत फोन. नुसती रिंग—

ओरडणं थांबलं. तोंड उघडंच आहे. श्वास नाही. आणि पाय, पाय अजून दर फेऱ्याला उसळतोय—