उलटा मोबाइल आणि बोगद्यातली गाडी

धारगळ, रविवार संध्याकाळ

ह्यांनी वर्षभर खपून टेबलावर छोटी रेल्वे उभारली, पण फोटो एकही धड येईना. "खेळणंच दिसता गो!" म्हणून हे हिरमुसले. फोटो मोठ्या भावाला पाठवायचा होता, आणि भाऊजी तर आधीच ह्याला पोरखेळ म्हणून हसतात.

शेवटी मी मोबाइल उलटा धरून रुळांवर टेकवला. कॅमेरा खाली आला, आणि बोगद्याच्या तोंडाशी उभं इंजिन केवढं धिप्पाड दिसलं! मोबाइल उलटा केला, एवढंच. मला कसं सुचलं कोण जाणे.

फोटो पोचताच भाऊजींचा घाबरून फोन. "गाडी बोगद्यात अडकली? तू बरो आसा ना रे?"

ह्यांना हसू आवरेना. खरं सांगणारच होते, पण मी खुणेनं थांबवलं. वाईट केलं का? असेना. जरा वेळ तरी गाडी खरी राहू दे.