निळे ठिपके

सोलापूर, मंगळवार, ता. १२ मार्च १९२९. संध्याकाळ.

आज डॉक्टरसाहेबांवर ओरडलो. चूक माझीच होती, हे आता कळतंय.

काविळीनं गेलेल्यांच्या यकृतात आधी कुठल्या पेशी मरतात, हे ते शोधताहेत. मायक्रोस्कोपात दिसेल त्याची चित्रं काढायचं काम माझं. कॉलेज अर्ध्यावर टाकून आलेल्याला दुसरं काम कोण देणार? रंग दिला की रोगातून वाचलेल्या पेशीत मधोमध निळा ठिपका दिसतो, रोगानं मेलेलीत तो विरून जातो. माझं चित्र पाहून साहेब म्हणाले, "अरे, इतके ठिपके कुठून आणलेस? मेल्यात या. आकार तेवढा उरलाय."

"मला दिसले म्हणून काढले!" कागद आपटून बाहेर आलो. कंपाउंडर रसूलभाई हसले, "कॉलेज सोडलं, पन कॉलेज तुमच्या डोक्यातनं जाईना की!"

तासाभरानं पुन्हा डोळा लावला. खरंच, नुसते आकार. पुस्तकात असतात म्हणून मी ठिपके देत गेलो होतो.

घरी येऊन कॉलेजात माझ्या वर्गात असलेल्या सुमतीचं पत्र काढलं. पुण्याहून सहा महिन्यांत आलेलं एकुलतं एक. "आपली वही मिळाली. आभारी आहे." रोज त्यात मी 'परत या' वाचत आलो. कुठं आहे ते? आज शब्दाशब्दावर बोट ठेवून पाहिलं. नाही. कधीच नव्हतं.

शनिवारी तिला भेटायला पुण्याला निघणार होतो. आता कशाला?

उद्या साहेबांची माफी मागायची आणि चित्र नव्यानं काढायचं. निळी पेन्सिल घरीच ठेवून जाईन. हातात असली, तर पुन्हा ठिपका देईन मी.