वाकळीवरचा लॅपटॉप

सातारा, माघ महिना, १९९९

पुसून टाका, असं कुणी उघड्या कार्डावर लिहितं होय? आमचा पोस्टमन दारात उभा राहून आधी स्वतः वाचतो आणि मग देतो, हे तुला ठाऊक नाही असं नाही. इतक्या महिन्यांत तुझं एक अक्षर नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आणि आलं ते नाथाजीच्या नावानं दोन ओळींचं कार्ड, की लॅपटॉपचा पडदा सारखा निळा पडत असेल तर आतलं सगळं पुसून टाका आणि नव्यानं भरून घ्या, म्हणजे चांगला चालेल. खाली सही. वर ना तीर्थरूप, ना नमस्कार. वाण्याच्या बिलावरसुद्धा श्री असतो गं. तू तर सासऱ्याला लिहीत होतीस.

प्रिय शिवांजली, रागवायचं होतं ते आधीच उरकून घेतलं. आता नीट लिहिते. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही शेळ्या राखून उरलेल्या वेळात, तेव्हा कुठं काना सुटला तर तू घाल. नाथाकडून लिहून घेतलं असतं, पण हे त्याच्यासमोर सांगण्यासारखं नाही. तो बँकेत पेन्शन आणायला गेलाय आणि शालू दळण घेऊन गेली आहे. तेवढ्यात बसलेय.

तुझी सासू, शालू, कशी आहे ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. वीरधवलचं तेरावं झालं, तू माहेरी विश्रामबागला गेलीस आणि तिनं अन्न सोडलं. हट्टानं सोडलं असतं तर मी तिचा हट्ट मोडला असता, तेवढी माझ्यात अजून धमक आहे. पण तसं नव्हतं. ताटात भाकरी घ्यायची, मोडायची, चिवडत बसायची आणि उठून कुत्र्याला घालायची. कुत्रं गुबगुबीत झालं आणि ही अशी झाली की अंगावरचं लुगडं दोरीवर वाळत घातल्यासारखं दिसायचं. डॉक्टर झाला, म्हसवडच्या सिद्धनाथाचा अंगारा झाला. शेवटी मी देवालाही चार शब्द सुनावले.

एक दिवस नाथानं वीरधवलचा लॅपटॉप उघडला, चालतोय का बघावं म्हणून. चालू करून ठेवला आणि चहाला उठला. मशीन रिकामं राहिलं तसा पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उजवीकडून डावीकडं चालायला लागली. एक रांग गेली की पुन्हा तीच. शालूनं विचारलं, काय लिवलंय वो? नाथा फौजेत इंग्रजी वाचायला शिकलाय. त्यानं वाचलं, कान खाजवला, आणि म्हणाला, आई, जेवलीस का, असं लिवलंय पोरानं. शालू पडद्यासमोर जाऊन बसली. मग म्हणाली, न्हाई रं अजून, जेवते आता. आणि उठून तिनं अख्खी भाकरी खाल्ली, वर कालवण मागून घेतलं.

हे वाचताना तुझ्या मनात काय आलं ते मला कळतंय. जरा थांब. मलाही तेव्हाच शंका आली होती, कारण नाथाला खोटं बोलताना कान खाजवायची सवय लहानपणापासून आहे. पण भाकरी पोटात जातेय तोवर कशाला बोलायचं?

मग तो नेमच झाला. दिवेलागण झाली की शालू हातपाय धुऊन वीरधवलच्या कॉटवर बसायची, नाथाकडून मशीन चालू करून घ्यायची आणि हात मांडीवर ठेवून वाट बघायची. अक्षरं आली की त्यांना उत्तर द्यायची आणि जेवायला उठायची. नुसती एकदा बघून उठायची नाही, दिवसभरात काय झालं ते सगळं सांगून मग उठायची. आणि एवढं सुरळीत लागलं तेव्हा ते निळं पडायला लागलं.

कधी अक्षरं आल्यावर, कधी यायच्या आधीच. सगळा पडदा निळा आणि त्यावर भरगच्च इंग्रजी. दाबा ते बटण, काही हलत नाही. एकदा नाथानं तो मजकूर वाचायला घेतला आणि दुसऱ्या शब्दाला वायर काढून उठला. मी त्याला पडवीत नेऊन खोदून विचारलं. म्हणाला, आई, फौजेत जवान गाडीखाली सापडून गेला की रिपोर्टात फेटल म्हणून जो शब्द घालतात, त्योच शब्द हाय. आता सांग, मशीन बनवणाऱ्याला जगात दुसरा शब्द मिळाला नसेल? त्या दिवसापासून निळं पडलं की नाथा ते वाचत नाही, सरळ वायर काढतो. आणि निळं पडलं की शालू न जेवता उठायची. म्हणायची, आज त्यानं इचारलं न्हाई.

म्हणून मग नानासोला धरला. हा कोण, तर पोवई नाक्याजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवतो, वीरधवलच्या ओळखीतला. पोरगा बरा आहे, फक्त बोलताना प्रत्येक रोगाला इंग्रजी नाव देतो. आधी म्हणाला व्हायरस. औषध घातलं, चार दिवस बरं, पुन्हा निळं. मग म्हणाला आतली मेमरीची पट्टी सैल असेल. ती काढून तिची पितळी टोकं पोरांच्या खोडरबरानं घासली आणि परत बसवली. पुन्हा निळं. मग म्हणाला तुमच्या लाइटीचा दोष, कमीजास्त होती. नाथानं स्टॅबिलायझर आणला. तो रात्रंदिवस भुंग्यासारखा गुणगुणतो आणि मशीन पडायचं ते पडतंच. शेवटी नानासोनं ते क्लासात नेलं, तर तिथं एकदाही पडलं नाही. म्हणाला, आजी, माझ्याकडं शहाण्यासारखं वागतंय, तुमच्याकडंच का रुसतंय? मी म्हटलं, तुझ्याकडं त्याची आई नाही, म्हणून. तो बिचारा ओशाळला. माझी जीभ अशीच आहे, तुला नवी नाही.

तेव्हाच तो म्हणाला, आता एकच राहिलं, सगळं पुसून नव्यानं भरायचं. मग ती अक्षरं? ती पण जातील. शालू मशीन पोटाशी धरून बसली. म्हणून नाथानं तुला लिहिलं, की तू कॉम्प्युटर शिकलेली, दुसरा काही उपाय असेल तर सांग. त्यावर तुझं ते कार्ड.

पण कार्ड यायच्या आत नानासोनं रोग शोधला. इथं पडतं आणि तिथं पडत नाही, तर मशीनपेक्षा घरच बघावं म्हणून तो संध्याकाळी येऊन कॉटजवळ बसला. माणूस गेला की त्याचे कपडे देऊन टाकायचे असतात. शालूनं दिले नाहीत. त्याचे सगळे सदरे उसवून तिनं वाकळ शिवली, दोन जुनी लुगडी आत घालून, चांगली जाड. तीच कॉटवर असते आणि मशीन तिच्यावर. नुसतं वर नाही, थंडीनं गारठू नये म्हणून शालू वाकळीची कड तिन्ही बाजूंनी त्याच्यापाशी खोचायची, तो लहान असताना त्याला खोचायची तशी. नानासोनं खाली हात घातला आणि झटकन मागं घेतला. म्हणाला, काकू, तव्यासारखं तापलंय, याला श्वासच मिळत न्हाई. मायेनं गुदमरतंय ते. खाली काहीतरी कडक, सपाट पाहिजे. मी वीरधवलचा जेवायचा पाट आणून दिला. शालूनंच वाकळीची घडी केली. त्या दिवसापासून मशीन पाटावर आहे आणि एकदाही निळं पडलेलं नाही.

नानासो निघाला तेव्हा मी त्याला दारापर्यंत पोचवायला गेले आणि विचारलं, त्या अक्षरांत काय आहे ते खरं सांग. तो म्हणाला, शिवा, जेवलीस का, असं हाय आजी. आई न्हाई त्यात कुठं.

मला नवल वाटलं नाही, तुला शिवा म्हणणारा तो एकटाच. मला आठवलं, लग्नानंतर तू परीक्षेच्या कामाला त्या मशीनवर बसलीस की तुला भूकतहान नसायची. तो कारखान्यातून फोन करून विचारणार, तर आपल्याकडं फोन नाही. मग त्यानं ही युक्ती केली असणार, की तुझा हात थांबला की मशीननंच तुला विचारावं. तू एकटीच हसायचीस त्या पडद्याकडं बघून. मी भाजी निवडता निवडता बघायचे आणि मनात म्हणायचे, सूनबाईला वेड लागलं.

आणि हे तुला ठाऊक असताना तू पुसून टाका म्हणून लिहिलंस. म्हणून तर मी आधी चिडले आणि मग तुझ्यासाठी घाबरले. मी सहसा घाबरत नाही.

शालू तुला काय बोलली ते मी ऐकलंय. तुला आणायला निघाला म्हणून गेला माझा ल्योक, असं तिनं मातीला आलेल्या चार बायकांत म्हटलं. आखाड पाळायला नवी सून माहेरी धाडायची, ही रीत आपल्या घराची. धाडलं आम्ही, आखाड संपल्यावर आण म्हणून सांगितलं आम्ही, आणि मोटारसायकलवर तो निघाला. कराडच्या पुढं ट्रकवाल्यानं बघितलं नाही. त्यात तू कुठं आलीस? पण त्या वेळी कुणाला तरी धरायचं होतं आणि तू समोर होतीस. तू एक शब्द उलटून बोलली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या बायका परत येतात.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुझं कार्ड शालूच्या हातात पडलं. पोस्टमननं तिला ते वाचून दाखवलं, पुसून टाकासकट. संध्याकाळी अक्षरं चालायला लागली तेव्हा मला म्हणाली, आत्याबाई, तिचंच हाय ते, तिनं पुसा म्हनलं तर पुसावं. मी चमकले. म्हटलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणाली, सांगाय कशाला पायजे? माजा ल्योक मला जन्मात कधी जेवलीस का म्हनला न्हाई. मीच त्याला इचारायची, त्यो नुसता हू म्हनायचा. पहिल्याच दिशी कळलं मला. मी म्हटलं, मग इतके महिने उत्तर कशाला देत होतीस? तर म्हणाली, त्यो रोज इचारतोय, आन् जिला इचारतोय तिला मीच घालवली. घरातल्या कुनीतरी उत्तर द्याय नगो? मग पाट सरळ केला आणि म्हणाली, ती जेवती का वो, आत्याबाई? तेच विचारायला कागद घेतला. पुसायचं की इथं येऊन घेऊन जायचं ते तू ठरव, तोवर मी मशीनला कुणाला हात लावू देणार नाही. पण उत्तर धाड, आणि या खेपेला बंद पाकिटात. नाथाला नको, मलाही नको, शालूच्या नावानं. तुझ्या बापानं लिहायचं नाही, तुझ्याच हातचं पाहिजे. जेवतेस का नाही, एवढं एकच लिही, आणि खरं लिही.

तुझीच, कुणी काही म्हटलं तरी आजेसासूच,
बनुबाई